पोअरिंगवाल्यांना सेफ्टी बूट कसले घ्यावेत: लेस, डायल, वेल्क्रो की बिनलेस?

कुपवाड_फाउंड्री

नमस्कार मंडळी. मी कुपवाड एमआयडीसीत एका ग्रे आयर्न (बिडाच्या) फाउंड्रीत शिफ्ट सुपरवायझर आहे, एकोणीस वर्षं झाली. भट्टी, मोल्डिंग (वाळूचे साचे), कोअर शॉप (साच्यात बसवायचे गाभे), फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करणं) आणि मेंटेनन्स मिळून आम्ही चौसष्ट माणसं. दरवर्षी दिवाळीच्या आत सेफ्टी बुटांची ऑर्डर जाते. यंदा पर्चेसनं मला सांगितलंय, "कसले बूट घ्यायचे ते तुम्हीच लिहून द्या, पण सगळ्यांना एकच." ते 'एकच' माझ्या हातून लिहून होईना, म्हणून विचारतोय.

आधी झालेलं सांगतो. चैत्रातली नाईट शिफ्ट. पोअरिंगवर, म्हणजे साच्यात रस ओतायला, तेवीस वर्षांचा एक पोरगा होता. साच्यात कुठंतरी ओल राहिली होती, वितळलेल्या लोखंडाचा रस ओतताना उसळला. फार नाही, ज्वारीच्या दाण्याएवढे चार-पाच थेंब. आमचा रस ओतताना १,४०० अंशांच्या आसपास असतो. गुळगुळीत चामड्यावर पडलेला थेंब घरंगळून खाली जातो, हे आम्ही रोज बघतो. पण यातला एक थेंब बुटाच्या जिभेवर, लेसच्या दोन आडव्या फेऱ्यांच्या मधे पडला आणि तिथंच अडकून बसला.

लेस पॉलिएस्टरची होती. ती पेटली नाही, वितळली. मी खाली बसलो आणि नखानं गाठ सोडवायला लागलो. बोटाला लागला तो एक काळा, चिकट गोळा. गाठ अशी उरलीच नव्हती. दुसऱ्या क्षणी तो गोळा थंड होऊन दगडासारखा झाला. पोरगा माझ्या खांद्याला धरून उभा, त्याची बोटं माझ्या खांद्यात रुतलेली. कोअर शॉपमधून कात्री आणली, लेस कापली, बूट ओढला. तोवर थेंब जिभेतून आणि नायलॉनच्या सॉक्समधून आत गेला होता. पायाच्या वरच्या बाजूला रुपयाएवढी जखम. दीड महिना घरी होता. आता कामावर आलाय, पण लॅडल (रस ओतायचं भांडं) उचलताना तो आधी पायाकडं बघतो, ते मला रोज दिसतं.

बूट आयएसआय मार्कचा होता. स्टील टोवर ओरखडासुद्धा नव्हता. म्हणजे बूट चांगला होता, घात केला तो बांधायच्या पद्धतीनं, असं माझं मत झालंय.

आमच्या पर्चेसच्या साहेबांनी पुण्याच्या एका प्रदर्शनात डायलचे बूट बघितलेत. बारीक पोलादी तार, बाजूला चकती, चकती आत दाबून फिरवली की तार आवळते, बाहेर ओढली की सगळं एकदम सैल. साहेबांचा कल तिकडं आहे. एचआरच्या मॅडम वेल्क्रो म्हणतात, कारण स्वस्त आणि पटकन. फेटलिंगची पोरं म्हणतात बाजूला झिप असलेले द्या.

माझंही सांगतो. माझ्या उजव्या अंगठ्यावर दोन वर्षांपूर्वी प्लेट पडली, तो पुरता वाकत नाही. सकाळी पावणेसहाला लेस बांधताना रोज दोन-तीनदा गाठ निसटते. डायलचा बूट मी घालून बघितला. चकती फिरवताना टिक-टिक आवाज येतो आणि पाय सगळीकडून सारखा धरला जातो. मला फार आवडला. पण माझ्या अंगठ्यासाठी चौसष्ट माणसांचे बूट ठरवायचे नाहीत, म्हणून विचारतो. रस, वाळू, ठिणग्या यांत हे प्रकार कुणी वापरलेत का? आणि खात्यानुसार वेगळे मागितले तर ते मांडायचं कसं?

ओतारी_पलूस

साहेब, तुम्ही लिहिलेलं वाचून झोप उडाली. मी चौतीस वर्षं ओतकामात काढली, आता घरी आहे. आमचे आजोबाही याच कामातले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून आमच्या भागात ओतकाम हा घरचाच विषय.

रसाजवळ लेस नको. डायल नको, वेल्क्रो नको, झिपही नको. पायाच्या वरच्या बाजूला थेंब अडकेल असं काहीसुद्धा नको. आम्ही घोट्याच्या वर येणारा, दोन्ही बाजूंना इलास्टिक असलेला बूट घालायचो. समोर सलग चामडं. त्याचे दोन फायदे. थेंब थांबत नाही. आणि आत गेलाच, तर हात न लावता बूट काढता येतो: एका टाचेवर दुसऱ्या पायाचा पंजा रोवायचा आणि पाय वर खेचायचा. हातात जाड हातमोजे असतात, लॅडल असतो, अशा वेळी बोटांनी करायचं कुठलंच काम होत नाही. हे लक्षात ठेवा.

पण बिनलेसचा बूट घेतला म्हणजे झालं असंही नाही. इलास्टिक म्हणजे रबर आणि धागाच, ते पण जळतं. म्हणून त्याच्यावरून चामड्याची झडप आलेली हवी. आमच्याकडच्या बुटांना नव्हती, तेव्हा एका चांभार कारागिराकडून बसवून घेतली होती. झडपेचं तोंड खाली आणि मागं उघडणारं. वर उघडं ठेवलं तर तो खिसाच होतो.

पॅंट नेहमी बुटावरून बाहेर. नवी पोरं पॅंट बुटात खोचतात, दिसायला बरं वाटतं म्हणून. खोचलेली पॅंट म्हणजे नरसाळं, रस सरळ आत. त्यावरून चामड्याचे गेटर (नडगी आणि बुटाचा वरचा भाग झाकणारं आवरण), तेही पटकन सुटणारे. आणि सॉक्स सुतीच. नायलॉनचा सॉक्स वितळून कातडीला चिकटतो, मग दवाखान्यात तो काढताना कातडी येते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, जास्त लिहीत नाही.

इलास्टिक वर्षभरात ढिलं पडतं. दर महिन्याला प्रत्येकाला एका जागी उभं करून टाच उचलायला लावा. पाय वर आला आणि बुटाची टाच जमिनीवरच राहिली, तर तो बूट पोअरिंगला बंद. या बुटात आवळायची सोय नाही, त्यामुळं माप बरोबरच पाहिजे. माप संध्याकाळी घ्या, शिफ्ट संपल्यावर. दिवसभर उभं राहून पाय सुजलेला असतो. सकाळच्या मापाचा बूट दुपारी चावायला लागतो, मग माणूस मोठा बूट मागतो आणि दोन-दोन सॉक्स घालून फिरतो.

त्या पोराला पोअरिंगवर परत घातलंय का? घातलं असेल तर पहिला जोड त्याला द्या.

चाळकेवाडी_टॉवर

दादा, माझं काम वेगळं आहे, पण डायल वापरलाय म्हणून लिहितो. मी साताऱ्याचा, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला आहे. रोज टॉवरच्या आतून शिडी चढायची. पावसाळ्यात तिथं समोरचा माणूस दिसत नाही एवढं धुकं, आणि जांभ्याची लाल माती.

मोठ्या हौसेनं डायलचे बूट घेतले होते, बाहेरदेशातून आलेल्या नातेवाइकाकडून. पहिले चार महिने खरोखर सुख. शिडीच्या मध्यावर थांबून एका हातानं आवळता येतात, हे लेसमध्ये शक्यच नाही. जूनमध्ये माती लागली. ओली असेपर्यंत काही वाटलं नाही, वाळली की चकतीच्या दातांत सिमेंटसारखी बसली. चकती फिरायची पण धरायची नाही. कोमट पाण्यात बुडवून, जुन्या टूथब्रशनं घासून दोनदा चालू केली. ऑगस्टमध्ये तार जिथून वळते तिथं एक-एक धागा तुटून उभा राहिला, सुईसारखा, आणि एके दिवशी तार तुटलीच. तेव्हा मी वर होतो. सैल बूट घालून शिडी उतरलो, प्रत्येक पायरीवर टाच निसटत होती. असलं उतरणं परत नको. सुटा भाग मिळतो, त्याची गॅरंटीही असते, पण तो पठारावर कोण आणून देणार? लेस तुटली तर साताऱ्यात कुठल्याही दुकानात मिळते, आणि तोवर सुतळीवर भागतं.

आता लेसच वापरतो. तुमच्या अंगठ्यासाठी एक सांगतो, कारण रोज गाठ निसटते म्हणालात. गाठ बांधून झाल्यावर वरून बघा. फुलाच्या दोन्ही पाकळ्या बुटाला आडव्या, डावी-उजवीकडं पसरल्या असतील तर गाठ बरोबर. एक पाकळी बोटांकडं आणि एक घोट्याकडं अशी उभी असेल तर गाठ उलटी पडलीय. उपाय एवढाच: पहिला साधा पीळ घालताना जे टोक वर घेता, त्याऐवजी दुसरं वर घ्या. बाकी सगळं तसंच. मी एकतीस वर्षं उलटी गाठ बांधत होतो.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये लेस आपोआप का सुटते यावर शोधनिबंध छापलाय. धावताना पाय जमिनीवर आपटतो तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सात पट झटका बसतो, त्यानं गाठ सैल होते, आणि लेसची मोकळी टोकं हिसके देत ती ओढून काढतात. उलटी गाठ यात फार लवकर हरते. म्हणून टोकं लांब लोंबती ठेवू नका, फुलाखाली खोचा.

मिरज_सीएनसी

दादा, मशीन शॉपमधून थोडंसंच. आमच्याकडं लोंबती लेस हा वेगळाच धोका. धातू कापताना निघणाऱ्या पट्टीसारख्या लांब चिप्स लेसमध्ये गुंततात, वाकून हातानं काढायला गेलं की बोट कापतं. मी लेसवर झाकण येणारे बूट घेतलेत, बरे आहेत. आणि ऑर्डर देताना बायकांची मापं आधी विचारा. चार-पाच नंबर बहुतेक वेळा नसतातच. मग सहा नंबर देतात आणि सांगतात, लेस घट्ट बांधा. मोठ्या बुटात स्टील टो भलत्याच जागी येतो, लेस कितीही आवळली तरी. कोअर शॉपमध्ये महिला असतील तर हे नक्की बघा.

गणपती_पेठ_सेफ्टी

माझं सांगलीत गणपती पेठेत सेफ्टीच्या सामानाचं दुकान आहे. विक्रेता म्हणून नाही, रोज जुने बूट परत येताना बघतो म्हणून लिहितो.

सुपरवायझर साहेबांचं निरीक्षण बरोबर आहे. आयएस १५२९८ भाग २ मध्ये टोची परीक्षा आहे: २०० जूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब. लेस असो, डायल असो, टो तोच. त्यामुळं 'मार्क आहे ना' एवढ्यावर फाउंड्रीचा बूट ठरत नाही. फाउंड्री आणि वेल्डिंगच्या बुटांसाठी आयएसओ २०३४९ हे वेगळं मानक आहे. त्यात वितळलेल्या धातूची परीक्षा असते, लोखंडासाठी 'एफई' आणि अॅल्युमिनियमसाठी 'एएल' अशी खूण येते. पुरवठादाराला हे नावानिशी विचारा. सोलसाठी 'एचआरओ' विचारा: ३०० अंशांच्या तापल्या पृष्ठभागावर एक मिनिट टिकलेला सोल. पोअरिंगच्या जमिनीवर नुसता पीयूचा (पॉलियुरेथेनचा) सोल देऊ नका.

वेल्क्रोबद्दल. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरला १९४१ मध्ये शिकारीहून आल्यावर कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं दिसली, त्यावरून हे सुचलं. बारीक आकड्यांनी बारीक फासे धरायचे. पण बोंडाला जसं काहीही चिकटतं, तसं वेल्क्रोलाही चिकटतं. फेटलिंगमधून आलेला वेल्क्रोचा बूट माझ्याकडं आहे. आकड्यांच्या बाजूला ग्राइंडिंगची भुकटी इतकी बसलीय की बोट फिरवलं तर कानस लागते, आणि पट्टा धरतच नाही. शिवाय तो नायलॉनचा, ठिणगीनं आकडे वितळून सपाट होतात. पॅकिंग, डिस्पॅच, स्टोअर इथं वेल्क्रो चांगला. जुन्या फणीनं महिन्यातून एकदा आकडे विंचरा. मधुमेह असलेल्या, पाय सुजणाऱ्या माणसाला तर मी आवर्जून देतो, कारण दुपारी बसल्याजागी सैल करता येतो.

झिप फेटलिंगला देऊ नका. वाळूचा एक कण दातांत अडकला आणि माणसानं हिसका मारला की दात जातो. त्या बुटाची दुरुस्ती म्हणजे पूर्ण चेन बदलणं.

डायल ही मूळची बर्फावरच्या स्नोबोर्डिंगच्या बुटांची सोय, २००१ मध्ये कोलोरॅडोच्या बोआ कंपनीनं आणली. बर्फ वितळून निघून जातो, फाउंड्रीची वाळू जात नाही. चालू लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला मी पोलादी तारेचा बूट स्वतःहून दाखवत नाही.

चौसष्ट जोड एकदम घेऊ नका. माझ्याकडून घ्या किंवा कुणाकडूनही, आधी पाच-सहा जोड घेऊन महिनाभर घाला.

कुपवाड_फाउंड्री

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितोय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सहा जोड घेतले. दोन बिनलेस, दोन लेसवर चामड्याचं झाकण असलेले, एक वेल्क्रो, आणि साहेबांनी डायलचा नमुना मिळवला तो एक. शिफ्ट बदलताना सगळ्यांसमोर घड्याळ लावलं. अट एकच: पोअरिंगचे हातमोजे घालून बूट काढायचा. लेसचा काढायला आमच्या सगळ्यांत चपळ पोराला ४८ सेकंद लागले, तेही शेवटी हातमोजा दातानं ओढून काढला म्हणून. वेल्क्रो ९. डायल ७. बिनलेस ३ सेकंदांत, आणि हात वापरलेच नाहीत. पर्चेसचे साहेब तिथंच उभे होते. ४८ चालू असताना कुणी काही बोललं नाही. चैत्रातली ती रात्र सगळ्यांनाच आठवत होती.

डायल सातच सेकंदांत निघाला म्हणून साहेब परत त्याच्याकडं वळले. मग मी तो बूट मोल्डिंगला नेला. आमची ग्रीन सँड म्हणजे वाळू, बेंटोनाइट (चिकट माती), कोळशाची भुकटी आणि पाणी. बादलीभर वाळूत तो बूट चार वेळा दाबला आणि रात्रभर कोअर ओव्हनजवळ ठेवला. सकाळी चकती बाहेर ओढायला गेलो तर निघेना. बेंटोनाइट वाळला की काय करतो ते आम्हाला साच्यामुळं माहीतच आहे. साहेबांनी स्वतः ओढून बघितली, आणि मग काही न बोलता बूट माझ्या हातात दिला.

लिहून दिलं ते असं: भट्टी आणि पोअरिंगच्या अठरा माणसांना बिनलेस, एचआरओ सोल, सोबत गेटर आणि सुती सॉक्स. मोल्डिंग, फेटलिंग आणि मेंटेनन्सला लेस, पण वरून झाकण, आणि फेटलिंगच्या झाकणाची पट्टी वेल्क्रोची नाही तर बक्कलची. डिस्पॅच आणि स्टोअरला वेल्क्रो. मिरजेच्या ताई, तुमच्यामुळं कोअर शॉपच्या सात जणींची मापं मी स्वतः कागदावर पाय ठेवून घेतली. तिघींचा पाय चार नंबरचा निघाला. त्या तिघी गेली कित्येक वर्षं सहाचा बूट घालत होत्या आणि मला ते माहीत नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. साहेबांनी 'एकच' हा शब्द खोडून सही केली.

चाळकेवाडीचे भाऊ, माझी गाठ उलटीच होती. पहिला पीळ बदलला. तीन आठवडे झाले, अंगठा तोच, पण गाठ शिफ्टभर टिकते. मी मेंटेनन्सबरोबर फिरतो, त्यामुळं मला लेसच ठेवलीय.

काका, पहिला जोड त्या पोरालाच दिला. त्यानं घातला, टाचेवर पंजा रोवून काढला, परत घातला, असं चार-पाच वेळा केलं. मग पॅंट बुटावरून नीट बाहेर ओढली आणि लॅडलकडं गेला. एक अडचण आहे: आलेल्या बुटांच्या इलास्टिकवर झडप नाही. पुरवठादार म्हणतो तशी येत नाही. तुमच्याकडं झडप बसवून देणारे ते कारागीर अजून काम करतात का? करत असतील तर येत्या सुट्टीला अठरा जोड पोत्यात घालून पलूसला येतो.

ओतारी_पलूस

करतात. नजर थोडी कमी झालीय, पण मुलगा शिवतो आणि ते बघतात. या. सकाळी अकराच्या आत या, म्हणजे अठराही जोड संध्याकाळी घेऊन जाल. येताना दोन-तीन जुने, जळके बूट पण आणा, थेंब नेमका कुठं पडतो ते त्याला दाखवू.